खांदा

रात्री आठला चार्ज घेतला. अंबाजोगाई, पुरुषांचा वॉर्ड.
तीस खाटा, अडतीस माणसं,
उशा सात. मी मोजल्यात.

खाट एकोणीस. बंकट केरबा मुसळे, वय सव्वीस.
उसाच्या गाडीवरून पडला, मणक्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस.
बेंबीखालचं शरीर त्याला
नदीपलीकडच्या गावासारखं:
आहे, एवढं ठाऊक. जाणं-येणं बंद.

फॉर्म काढते. सहा रकाने.
टोचलं, दुखलं, कळतं का? दोन.
ओल? नळी घातलेली, चादर कोरडी. तीन.
चालणं? एक. त्याखाली आकडाच नाही,
असता तरी मी लिहिला नसता.
अंग हलवणं? कठडा धरून जरासा कलतो. दोन.
जेवण? अर्धी भाकरी, चहात बुडवून. दोन.
घसरणं? उशाकडून खाट उचलली
की पोत्यासारखा खाली येतो. एक.
बेरीज अकरा.
म्हणजे या पाठीला जखम व्हायला
फक्त आपली एक डुलकी पुरेल.

मावशींनी पाय धरले, मामांनी कंबर, मी खांदे.
एक, दोन, तीन. सरळ ओंडक्यासारखा कुशीवर.
आमच्या पुस्तकातल्या चित्रात पाठ गुलाबी होती,
तिच्यावर लाल डाग लगेच ओळखू यायचा.
इथं उन्हानं रापलेल्या पाठी.
काळ्यावर लाल दिसत नाही.
म्हणून हात उलटा करून टेकवते,
माकडहाडावर, घोट्यावर, टाचेवर:
ऊन लागतंय का. आजूबाजूपेक्षा कडक,
की पाणी धरल्यासारखं मऊ.

पायथ्याशी बसलेला बाप उठून आला.
"खांदा बघायलाव का, सिस्टर?"
कुणाचा खांदा?
"बैलाचा आमी असाच बघतोत. जू उतरलं
की पयला हात तिथं. त्याला सांगता येत नाही ना.
गरम लागला की दुसऱ्या दिवशी जुंपायचं नाही,
मग मुकादम कितीबी बोंबलू दे."

माझे सहा रकाने, त्याचा एक.

मग त्यानं पिशवीतून तेलाची बाटली काढली.
पोळ्याच्या आदल्या दिवशी मळतात तसा
तळवा माकडहाडाकडे निघाला
आणि मी त्याचं मनगट धरलं.
काका, इथं मळायचं नाही.
आतलं मांस आधीच दबलंय, चोळलं की फुटेल.
नुसता भार काढायचा.
"म्हंजे जू उतरवायचं."
हो.
त्यानं खाटेवर नजर फिरवली. गादी, चादर, लोखंड.
"पर जू कुठाय?"
त्याचंच वजन, काका.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
बाटलीचं बूच मात्र घट्ट लावलं.

घडी केलेलं घोंगडं पोटऱ्यांखाली, टाचा अधांतरी.
चादरीची सुरकुती ओढून काढत होते
तेव्हा त्यालाच दिसलं:
ऑपरेशनला काढलेला करदोडा आईनं परत बांधलेला,
त्यात ओवलेली किल्ली
कमरेत रुतून, दात उमटवून बसलेली.
बंकटला पत्ताच नव्हता.
"घराची हाय," बाप म्हणाला, "समदेच हिकडं आलोत."
दातांनी गाठ सोडली,
किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.
मी ठशावर बोट दाबलं, उचललं.
हळूहळू भरून आलं. रंग नव्हे, खळगा.

बाराला पाठीवर घेतला. दोनला परत वळवायचा होता.
सात नंबरला रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या,
मी पोचले तेव्हा दोन वीस.
केरबा खाटेजवळ उभा,
बाह्या वर करून, हात न लावता.
मी एकट्यानं वळवायचं नाही म्हटलं होतं ना.
"वाचमनला टाइम इचारला," म्हणाला. "ईस मिनिटं जास्त झाली."
रागावून नाही. जुंपणीचा हिशेब सांगावा तसं.

रजिस्टरमध्ये लिहिलं:
२.२० वाजता, डाव्या कुशीवर. उशीर झाला.
टाचा मोकळ्या. कातडी शाबूत.
शेऱ्याच्या रकान्यात, जिथं डॉक्टर कधी बघत नाहीत:
किल्ली काढली. वडिलांनी.